हॉर्नेलिया मरीना : मलबारच्या हिरव्या पाण्याचा शोध

नैऋत्य मोसमी पाऊस ओसरू लागला की मलबार किनाऱ्यावर काही वर्षी समुद्राचे पाणी हिरवेगार होते आणि मेलेल्या मासळीचा खच पडतो. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यातील जेम्स हॉर्नेल यांनी १९१७ मध्ये या हानीचे कारण म्हणून एका सूक्ष्म प्रजीवाकडे बोट दाखविले. त्याची निश्चित ओळख मात्र पटली नव्हती.

ती पटविण्याचे श्रेय केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेतील आर. सुब्रह्मण्यन यांचे होय. ‘इंडियन जर्नल ऑफ फिशरीज’च्या पहिल्याच खंडात, १९५४ साली, त्यांनी या सजीवाचे जीवनचक्र व परिस्थितिकी वर्णिली आणि हॉर्नेल यांच्या गौरवार्थ त्यास ‘हॉर्नेलिया मरीना’ असे नाव दिले. हा सजीव दोन कशाभिकांच्या साहाय्याने पोहणारा व हरितलवके असणारा, म्हणजे वनस्पतिप्लवकांपैकीच ठरला. त्याच्या पेशीला कठीण भित्तिका नसते. नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकताच पेशी विरूप होते वा फुटते. करंडक वनस्पतींचे सिलिकामय कवच बाटलीत वर्षानुवर्षे टिकते. याचे काहीच उरत नाही. दूरच्या प्रयोगशाळेत पाठविलेल्या बाटल्यांतून हे कोडे सुटणे त्यामुळे अवघडच होते. त्यासाठी किनाऱ्यावर बसून जिवंत पेशी पाहणारा अभ्यासक हवा होता. सुब्रह्मण्यन यांच्या कार्याचे खरे मोल येथे आहे, आणि ते पुरेसे सांगितले जात नाही.

१९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पश्चिम किनाऱ्यावरील अभ्यासात वनस्पतिप्लवकांचा वार्षिक बहर नैऋत्य मोसमी पावसाच्या काळात येत असल्याचे दिसून आले. समशीतोष्ण समुद्रात तो वसंतात येतो. तळाचे पोषकद्रव्ययुक्त पाणी वर येण्याशी या बहराचा संबंध आहे. मासळीला पोसणारा आणि क्वचित मारणारा असे दोन्ही बहर एकाच ऋतुचक्रातून निपजतात.

पुढे १९७२ मध्ये जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रात याच गटातील दुसऱ्या जातीमुळे संवर्धनातील सुमारे १ कोटी ४० लाख यलोटेल मासे मेले. कल्ल्यांना इजा होऊन मासे गुदमरतात, असे नंतरच्या संशोधनातून दिसले. जपानमधील हारा व चिहारा यांनी १९८२ मध्ये हॉर्नेलियाचा समावेश १९३६ मध्येच वर्णिलेल्या ‘शॅटोनेला’ या प्रजातीत केला. नामकरणाच्या नियमांत अग्रक्रम तारखेला असतो. हॉर्नेल यांचे नाव त्यात गळाले. केरळच्या किनाऱ्यावर २००२ मध्ये पुन्हा हा बहर आला, तेव्हा त्याची नोंद ‘शॅटोनेला मरीना’ अशीच झाली. शास्त्रीय नावापुढील कंसात सुब्रह्मण्यन यांचे नाव मात्र राहिले आहे.