‘जंगल’ आणि ‘रान’ : एका अर्थांतराचा इतिहास

इंग्रजीतील ‘जंगल’ हा शब्द उच्चारताच दाट, ओलसर, मानवी हाताने न छाटलेल्या वाढीचे चित्र उभे राहते. हा शब्द इंग्रजीने भारतीय भाषांकडून घेतला, हे सर्वज्ञात आहे. त्याच्या मुळाशी असलेला संस्कृत ‘जांगल’ हा शब्द मात्र जवळजवळ उलट अर्थाचा होता, ही बाब सहसा नजरेआड होते.

चरकसंहितेत देशाचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार सांगितले आहेत. मोकळे आकाश, अल्प पाणी, कोरडा वारा आणि खैर, बोर, शमी यांसारखे वृक्ष ही जांगल देशाची लक्षणे होत. दाट झाडीचा पाणथळ प्रदेश तो आनूप. म्हणजे आजचे ‘जंगल’ चरकाच्या वर्गीकरणात आनूपाच्या अधिक जवळ जाते. मनुस्मृतीचा सातवा अध्याय तर राजाने धान्यसंपन्न जांगल देशातच निवास करावा, असे सुचवितो. फ्रान्सिस झिमरमान यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच ग्रंथात या विरोधाभासाची सविस्तर मीमांसा केली. ‘जांगल’ हा वनस्पतींच्या घनतेचा निर्देश करणारा शब्द नव्हता. तो वसण्यायोग्य भूमीविषयीचा एक निवाडा होता.

पुढे हा शब्द महसुली व्यवहारात शिरला. हॅलहेड याच्या १७७६ च्या हिंदू कायद्याच्या संहितेत पाच वर्षे न कसलेल्या जमिनीला ही संज्ञा दिलेली आढळते. येथे निकष झाडांचा नसून नांगराचा आहे. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशानेही मूळ शब्दाचा काटेकोर अर्थ पडीक जमीन असाच दिला आणि इंग्रजांनी तो रानटी वाढीकडे वळविल्याचे नोंदविले. किपलिंगच्या १८९४ च्या ‘जंगल बुक’ने या वळणाला जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली. ‘काँक्रीटचे जंगल’, ‘जंगलराज’ यांसारखे प्रयोग मराठीत रूढ झाले ते या परतून आलेल्या अर्थाच्या आधाराने.

गोदाकाठच्या धर्माबाद परिसरात या अर्थांतराचा पडताळा घेता येतो. काळी जमीन, मिरचीची बाजारपेठ, आणि शिवाराच्या कडेला बोरी-बाभळींचा माळ. चरकाच्या लक्षणांशी ताडून पाहिल्यास हा बराचसा जांगल देश ठरेल. आजच्या अर्थाने मात्र येथे ‘जंगल’ नाही. सीमेपलीकडची तेलुगू अरण्याला ‘अडवि’ आणि पडीक भूमीला ‘बीडु’ असे दोन निराळे शब्द वापरते. मराठवाड्याच्या बोलीत ‘रानात जाणे’ म्हणजे शेतात जाणे. ना. धों. महानोर यांच्या १९६७ च्या ‘रानातल्या कविता’ या शीर्षकातील ‘रान’ याच व्यवहारातून आलेले आहे. त्याचा अर्थ केवळ अरण्य असा घेणारा वाचक त्या कवितेच्या भूमीबाहेरच राहतो. ‘रान’ हे ‘अरण्य’ या शब्दाचेच प्राकृतातून आलेले रूप. अरण्याचे रान होऊन ते शेतापर्यंत आले, तर जांगलाचे जंगल होऊन ते शेतापासून दूर गेले.

हा केवळ व्युत्पत्तीचा विनोद नव्हे. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे जंगल सत्याग्रह केला, तेव्हा कापले गेले ते गवत होते. कायद्याच्या लेखी मात्र ते ‘जंगल’ होते, आणि म्हणून सरकारचे होते. ‘गायरान’ या शब्दाची गतीही अशीच आहे. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात पडीक जमिनीची मागणी अग्रभागी होती. मराठवाड्यात दलित भूमिहीनांनी गायराने कसली. अशी अतिक्रमणे नियमित करण्यासाठी शासनाला १९७८ आणि १९९१ मध्ये निर्णय काढावे लागले. दप्तरातील ‘पडीक’ आणि कसणाऱ्याचे ‘रान’ ही एकाच भूमीची दोन वाचने होत.

तथापि, निर्मळ देशी शब्द वसाहतवाद्यांनी भ्रष्ट केला, असा सोपा निष्कर्ष येथे टिकत नाही. मनूचा जांगल देश राजाच्या सोयीचा होता. महसुलाचे जंगल सारा वसूल करणाऱ्याच्या दृष्टीतले होते. वनखात्याचे जंगल लाकूड आणि गवत यांवर हक्क सांगणाऱ्याचे होते. ‘जांगल’ या संज्ञेचा मूळ उपयोग करणारा वैद्यही रोग्याच्या हितासाठी का होईना, भूमीची प्रतवारीच करीत होता. भूमीकडे पाहणारा बदलला की शब्दाचा अर्थ बदलला. या प्रत्येक व्याख्येत एक व्यक्ती मात्र अनुपस्थित आहे : त्या भूमीवर गुरे चारणारी, सरपण वेचणारी, पहिला नांगर घालणारी. तिचा शब्द कोशात सापडतो. तिची बाजू त्या शब्दाच्या वापरात शोधावी लागते. ग्रामीण आणि दलित साहित्यातील भूप्रदेशाचे वाचन करताना ‘जंगल’, ‘रान’, ‘माळ’, ‘पडीक’ हे शब्द पर्यायवाची मानले, तर समीक्षकही नकळत दप्तराच्याच बाजूला उभा राहतो.