दुष्काळ, दान आणि सरकार
बारामती-इंदापूरकडे पाऊस बेभरवशाचा. दुष्काळ तेथे पाहुणा नव्हे, जुना सोयराच. १८७६ च्या दुष्काळात सरकारने नीरेच्या डाव्या कालव्याचे काम काढले आणि १८८५ च्या सुमारास पाणी वाहू लागले. असा कालवा कोणा शेठजींच्या सदावर्तातून निघाला नसता, हे आम्ही मोकळेपणी कबूल करतो.

पण जानेवारी १८७७ मध्ये याच सरकारने सर रिचर्ड टेम्पल यांच्या सल्ल्याने दुष्काळी कामांवरील मजुरी उतरविली : माणशी रोज एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा! दिवसभर खडी फोडणाऱ्याचे पोट एवढ्यावर कसे भरावे? हजारो मजूर कामे सोडून गेले. तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने खेड्यापाड्यांतील हकिकती जमवून सरकारपुढे मांडल्या. अन्नछत्रापेक्षा आम्हांला ही कामगिरी मोठी वाटते. ‘मागेल त्याला काम’ हा हक्क महाराष्ट्रात कायद्याने अंमलात आला तो मात्र २६ जानेवारी १९७९ रोजी.