चिंचोक्यांचा डबा आणि अंगणवाडीचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी ह्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना येणारं "म्हणजे बघा ना" थोडं कमी केलंय, बाकी तसंच आहे.

घरच्या घरी लहान मुलांना काय खेळायला द्यावं, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं. मी काही बालशिक्षणातला जाणकार नाही, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. पण ह्या दिवाळीत एक गोष्ट घडली आणि मी ह्या विषयाच्या इतिहासात शिरलो.

माझी भाची चार वर्षांची आहे. तिच्यासाठी मी साडेतीन हजारांचा एक संच ऑनलाइन मागवला होता. लाकडी ठोकळे, ओवायचे मणी, रंगीत चकत्या, सगळं होतं त्यात. दोन दिवसांत संच कोपऱ्यात गेला आणि भाची ओट्यावर माझ्या आईसमोर बसलेली. आईने चिंचोके फोडून त्यांचे अर्धे अर्धे भाग केले होते. पाच तुकडे मुठीत घ्यायचे, टाकायचे आणि पांढरी बाजू वर आलेले किती ते मोजायचं. एवढाच खेळ. पोरगी पाऊण तास उठली नाही.

आता हे सांगायला हवं, की माझी आई अंगणवाडी सेविका आहे. चोवीस वर्षं झाली. आणि हेही सांगायला हवं, की इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' ह्या रकान्यात मी 'गृहिणी' असं लिहिलं होतं. अंगणवाडी म्हणजे खिचडी वाटायची जागा, असंच मला वाटायचं.

तर चला, मागे जाऊया.

१८३७ साली जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग गावात फ्रीड्रिश फ्रोबेल ह्या माणसाने लहान मुलांसाठी एक संस्था काढली. तिलाच पुढे त्याने किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. त्याने खेळण्यांचे क्रम ठरवले. आधी लोकरीचे रंगीत चेंडू, मग लाकडी गोल, घन आणि दंडगोल, मग आठ छोट्या घनांचा मिळून एक मोठा घन. जोडीला कागदाच्या घड्या, पट्ट्यांचं विणकाम, मातीकाम. आज आपण ज्याला क्राफ्ट म्हणतो, त्यातलं बरंचसं इथून आलंय. गंमत म्हणजे प्रशियाच्या सरकारला त्यात नास्तिकपणा दिसला आणि १८५१ साली त्यांनी किंडरगार्टनवर बंदी घातली. ती १८६० साली उठली, पण फ्रोबेल १८५२ सालीच वारला होता.

मग १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत मारिया माँटेसरींनी बालगृह सुरू केलं. त्यांच्या साधनांमध्ये एक लाकडी ठोकळा असतो. त्याला दहा भोकं आणि त्यांत बसणारे दहा दंडगोल. एक जरी चुकीच्या भोकात गेला, तर शेवटी एखादा उरतो किंवा बसतच नाही. मोठ्या माणसाने "चुकलं" म्हणायची गरज पडत नाही, साधनच सांगतं. माझ्या भाषेत सांगायचं तर कंपाइलर समोर बसलेला असतो.

आपल्याकडे हे आलं ते भावनगरला. गिजुभाई बधेका हे पेशाने वकील. त्यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक त्यांना तिथे येऊन मिळाल्या. मुंबईत पदवी घेतलेल्या, राजकोटला प्राचार्यपद सांभाळलेल्या बाई. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढलं. शहरातल्या मध्यमवर्गाला हे सगळं पटलंही. पण खेड्याचं काय? लाकडाची ती सुबक साधनं तिथे कोण विकत घेणार?

१९४५ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, ताराबाई बोर्डीला गेल्या. समुद्रकाठचं गाव, आता पालघर जिल्ह्यात येतं. सोबत अनुताई वाघ. लहानपणीच विधवा झालेल्या आणि तरीही शिकून शिक्षिका झालेल्या. तिथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. मण्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे आले, चकत्यांच्या जागी पानं आली. माँटेसरींचा मूळ विचार कायम होता: मुलाने हाताने करावं, निवडावं, क्रम लावावा, स्वतःची चूक स्वतः शोधावी. इंटरफेस तोच, इम्प्लिमेंटेशन गावातलं.

पण साधनं मिळाली तरी मुलं येईनात. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळतंय, कुणी गुरांमागे गेलंय. तेव्हा ह्या बायकांनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच पाड्यावर न्यायची. कुणाच्या तरी अंगणात मुलं गोळा करायची, त्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं कापायची आणि मग खेळ, गाणी, गोष्टी. हीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी तिथलीच.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव मिळालं, अंगणवाडी. ताराबाई १९७३ सालीच गेल्या होत्या. त्यांना पद्मभूषण मिळालं होतं, अनुताईंना पुढे पद्मश्री मिळाली. पण आज देशभर तो शब्द रोज वापरला जातो आणि तो आपल्या एका किनाऱ्यावरच्या गावातून निघालाय, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. माझ्या घरात तो शब्द चोवीस वर्षं होता!

भाऊबीजेच्या दिवशी आईला त्या फॉर्मचं सांगितलं. वाटलं, रागावेल. ती चिंचोके डब्यात भरत म्हणाली, "मग काय लिहिणार होतास रे? सरकार तरी कुठे आम्हाला कर्मचारी म्हणतं? मानधनावर आहोत आम्ही." मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. आईला विचारून तीन गोष्टी लिहितोय.

एक, निवडणं. राजमा, चिंचोके, शेंगदाणे एका ताटात मिसळा आणि तीन वाट्या द्या. दोन बोटांची चिमूट पक्की होते, पुढे पेन्सिल धरायला तीच लागते. तीन वर्षांच्या आतल्या मुलांना मात्र बिया देऊ नका, नाका-तोंडात जातात. त्यांना बटाटे-कांदे निवडू द्या.

दोन, ठसे. भेंडीचा देठाकडचा तुकडा कापा, हळद किंवा रंगात बुडवा, जुन्या वहीवर उमटवा. फुलं येतात.

तीन, कणीक. मळलेल्या कणकेच्या लांब वळ्या आणि गोळे करू द्या. लहान-मोठं क्रमाने लावू द्या. चुकलं तर सांगू नका. आईचं म्हणणं, "आपण गप्प बसणं हेच सगळ्यात अवघड काम."

तुमच्या घरात किंवा नात्यात कुणी अंगणवाडी सेविका असतील, तर त्यांना एकदा विचारा, त्यांच्या डब्यात काय काय आहे. मला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवेन. भेटूया.