बेलव्हिल, शिवोली आणि आजीची ओवी

ऑफिसातले मित्र विचारतात, "ते अल्ट-कंट्री म्हणतोस ते नेमकं काय, आणि सुरुवात कुठून करायची?" मी एकच अल्बम सांगतो. अंकल टुपेलो या बँडचा 'नो डिप्रेशन', साल १९९०. सुरुवातीची गाणी कर्कश वाटली तरी बंद करू नका, शीर्षकाचं गाणं येऊ द्या.

बेलव्हिल हे अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं, तेव्हा ४० हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. म्हणजे आमच्या उदगीरपेक्षाही लहान. जे फरार आणि जेफ ट्वीडी हे तिथले शाळासोबती. वाजवायचे पंक, पण कानात जुनी कंट्री गाणीही होती. त्यांनी दोन्ही एकाच गाण्यात कोंबलं. संथ, रडवेली चाल चाललेली असते आणि मध्येच गिटार अंगावर येते. विषय काय, तर कारखान्यातली पाळी, दारू आणि गावात अडकून पडणं. लातूर-नांदेडच्या पोराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आम्ही निदान 'पॅटर्न' करून बाहेर पडतो.

'नो डिप्रेशन' हे शीर्षक ऐकून बऱ्याच जणांना मानसिक आजार आठवतो. मलाही आठवला होता. पण ते गाणं मूळचं कार्टर फॅमिलीने १९३६ मध्ये रेकॉर्ड केलेलं, आणि त्यातलं डिप्रेशन म्हणजे महामंदी. चोपन्न वर्षांनी या पोरांनी ते उचललं, तेव्हा त्यांच्या भागातल्या खाणी आणि कारखाने ओसरत चालले होते. गाण्याला नवा अर्थ द्यावाच लागला नाही.

आता थोडं कार्टर फॅमिलीबद्दल, कारण खरी गोष्ट तिथे आहे. १९२७ च्या जुलैमध्ये व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीर हा माणूस रेकॉर्डिंगचं सामान घेऊन ब्रिस्टल या गावी आला. ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि मेबेल हे तिघं डोंगरातून येऊन तिथे गायले. तबकड्या खपल्या आणि कंपनीला आणखी गाणी हवी झाली. मग ए. पी. गावोगाव फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गाणी गोळा करू लागला. सोबत असायचा लेस्ली रिडल, कृष्णवर्णीय गिटारवादक. सिमेंट कारखान्यातल्या अपघातात त्याचा एक पाय गेलेला. ए. पी. शब्द उतरवून घ्यायचा, चाल रिडल डोक्यात साठवायचा. तबकडीवर नाव मात्र कार्टरचं लागलं. कंट्री म्हणजे गोऱ्यांचं संगीत असं कुणी म्हणालं की मी रिडलचं नाव घेतो.

अंकल टुपेलोचा तिसरा अल्बम तर जवळपास याच वळणाचा आहे, गिटारचा गोंगाट बाजूला ठेवून केलेला. नाव 'मार्च १६–२०, १९९२', म्हणजे ज्या पाच दिवसांत रेकॉर्ड केला त्या तारखा. आम्ही फोल्डरला नाव देतो तसं. बँड १९९४ मध्ये फुटला आणि पुढच्याच वर्षी त्या पहिल्या अल्बमच्या नावाने एक मासिक निघालं. ट्वीडीच्या पुढच्या बँडचं, विल्कोचं, 'यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट'ही ऐका. कंपनीने नाकारल्यावर त्यांनी तो २००१ मध्ये सरळ इंटरनेटवर फुकट ऐकायला ठेवला होता.

मग आपल्याकडे गावचं गाणं आणि रॉक असं कुणी एकत्र केलं? मुंबईच्या ॲटॉमिक फॉरेस्टचा 'ऑब्सेशन ७७' झकास आहे, पण त्यात मला मुंबई ऐकू येत नाही. माझं उत्तर गोव्यात आहे. रेमो फर्नांडिस, गाव शिवोली. मुंबईत आर्किटेक्चर शिकला, युरोप भटकला, परत गावी आला. 'गोअन क्रेझी' (१९८४) त्याने घरीच चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केला. सगळी वाद्यं आणि सगळे आवाज त्याचेच. कॅसेटी पिवळ्या स्कूटरवर घालून दुकानोदुकानी पोचवल्या. पुढच्या वर्षी 'ओल्ड गोअन गोल्ड', ज्यात जुनी गोव्याची गाणी नव्या साजात. 'नो डिप्रेशन'च्या पाच वर्षं आधी! रेमोला लोक 'जलवा'साठी ओळखतात. माझ्या मते तो या दोन कॅसेटींसाठी ओळखला जायला हवा.

मराठीत कच्चा माल कमी आहे असं कुणी म्हणू नये. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी १९८० च्या दशकात जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या आणि आकडा लाखाच्या वर गेला. त्या आता 'पारी' या संकेतस्थळावर आहेत. गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव सोबत दिलेलं असतं, जे रिडलला मिळालं नाही. आमच्याकडे माळेगावच्या जत्रेत वाघ्या-मुरळी गातात, संबळ आहे, हलगी आहे. म्हणजे कार्टरचं काम बरंचसं झालेलं आहे. पुढच्या पायरीवरचा, ओवीच्या चालीवर खरखरीत गिटार घालणारा मराठी अल्बम मी अजून शोधतो आहे. माहीत असेल तर कळवा.

माझी आजी औसा तालुक्यातली. गावात पिठाची गिरणी आली आणि जातं गोठ्याच्या कोपऱ्यात गेलं, ओव्या मात्र तोंडात राहिल्या. माझ्याकडे पाच वर्षांपासून चांगला माइक आहे. त्यावर मी बॉबचे, म्हणजे डिलनचे, कव्हर रेकॉर्ड केले. आजीला पहिल्यांदा गेल्या दिवाळीत त्याच्यापुढे बसवलं. पंखा बंद केला, फोन एअरप्लेन मोडवर टाकला. तिने दोन ओव्या म्हटल्या, तिसरीला शब्द अडला. "थांब, जातं फिरायला लागलं की आठवतं," म्हणाली, आणि उजवा हात रिकाम्या हवेत गोल फिरवायला लागली. तिसरी आली. रेकॉर्डिंग ४ मिनिटं १२ सेकंदांचं आहे. मागे शेजारच्या बोअरची मोटर ऐकू येते, ती मी काढलेली नाही.