बर्फावरची उधारी

मंडळी, यावेळचा विषय हॉकी आहे. पण ध्यानचंद आणि धनराज पिल्लेची हॉकी नव्हे, तर बर्फावर स्केट्स घालून खेळतात ती. अमेरिका-कॅनडात ऑनसाइट राहून आलेल्यांना ही भानगड ठाऊक असेल. ज्यांना नाही त्यांनीही पळून जाऊ नका, कारण आज गोल, पेनल्टी वगैरे काही नाही. आज पगाराची गोष्ट आहे. आणि ज्याने आयुष्यात एक तरी ऑफर लेटर नीट वाचलंय, त्याला ती लगेच कळेल.

नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल. २००४ पर्यंत तिथे खेळाडूंवर किती खर्च करायचा याला मर्यादाच नव्हती. डेट्रॉइट, न्यूयॉर्क रेंजर्स यांच्यासारखे श्रीमंत संघ वर्षाला सात कोटी डॉलरच्या वर पगार वाटत होते, आणि नॅशव्हिलसारखे संघ त्याच्या साधारण एक तृतीयांशात संसार भागवत होते. मालक म्हणाले, खर्चाला कमाल मर्यादा हवी. खेळाडूंची युनियन म्हणाली, अजिबात नाही. टाळेबंदी झाली आणि १६ फेब्रुवारी २००५ ला कमिशनर गॅरी बेटमन यांनी अख्खा सीझन रद्द केला. १,२३० सामने गेले. स्टॅन्ली कप कुणालाच मिळाला नाही. असं याआधी १९१९ साली झालं होतं, आणि तेव्हा इन्फ्लुएंझाची साथ होती!

जुलै २००५ मध्ये खेळाडू नमले. चालू करारांतले पगार सरसकट २४ टक्क्यांनी कापले गेले आणि प्रत्येक संघाला वर्षाला ३ कोटी ९० लाख डॉलरची कॅप लागली. आपल्या आयपीएलच्या लिलावात संघाला ठरलेली पर्स मिळते, साधारण तसंच. कॅप ओलांडली तर दंड भरून सुटका असंही नाही. ओलांडायचीच नाही. विषय संपला.

म्हणजे असं मालकांना वाटलं होतं.

आता इथे एक बारीक नियम होता, आणि पुढचं सगळं महाभारत त्या एका ओळीत आहे. खेळाडूला त्या वर्षी प्रत्यक्ष किती पैसे दिले हे कॅपमध्ये मोजायचं नाही. कराराची एकूण रक्कम भागिले वर्षं, म्हणजे सरासरी, मोजायची. आपल्याकडे सीटीसीचा आकडा वेगळा आणि हातात पडणारा पगार वेगळा, तसे इथे प्रत्येक खेळाडूचे दोन आकडे झाले. एक त्याच्या बँकेतला, एक लीगच्या वहीतला.

दोन आकडे वेगळे असले की कुणीतरी हुशार माणूस त्यांच्या मधल्या फटीत बोट घालतोच. कल्पना सोपी होती. तिशीच्या आतल्या स्टार खेळाडूला बारा-पंधरा वर्षांचा करार द्यायचा. खरे पैसे सुरुवातीच्या वर्षांत ओतायचे. मग शेवटी चार-पाच वर्षांची चिल्लर पगाराची शेपटी जोडायची. भागाकारात खालची संख्या मोठी झाली की सरासरी खाली येते. आणि ती शेपटीची वर्षं? तोवर तो चाळिशीला येऊन निवृत्त झालेला असणार, आणि निवृत्त झाला की वहीतूनही आकडा गायब!

याचा कळस २०१० च्या जुलैत झाला. न्यू जर्सी डेव्हिल्सने इल्या कोवालचुकला १७ वर्षांसाठी १० कोटी २० लाख डॉलरचा करार दिला. करार संपताना त्याचं वय ४४ असणार होतं. पहिल्या ११ वर्षांत ९ कोटी ८५ लाख, आणि शेवटच्या पाच वर्षांत दर वर्षी फक्त साडेपाच लाख. पाचव्या वर्षी हातात १ कोटी १५ लाख पडणार, वहीत मात्र ६० लाख. लीगने करार फेटाळला, मामला लवादाकडे गेला आणि ऑगस्टमध्ये लवाद रिचर्ड ब्लॉक यांनी लीगच्या बाजूने निकाल दिला. डेव्हिल्सने मग १५ वर्षांचा, १० कोटींचा करार केला आणि तो मंजूर झाला. वर ३० लाखांचा दंड आणि ड्राफ्टमधल्या निवडी जप्त. (२०१४ मध्ये ही शिक्षा बरीच सौम्य केली गेली.) आणि कोवालचुक? २०१३ मध्ये, १२ वर्षं आणि ७ कोटी ७० लाख शिल्लक असताना, एनएचएल सोडून रशियाला निघून गेला :)

पण मला खरी गोष्ट मिनेसोटाची वाटते, कारण तिथे ही उधारी वसूल झाली.

४ जुलै २०१२. मिनेसोटा वाइल्डने एकाच दिवशी दोन मोठे खेळाडू आणले, झॅक पॅरीझे आणि रायन सूटर. दोघांना अगदी सारखे करार, १३ वर्षं आणि ९ कोटी ८० लाख डॉलर प्रत्येकी. पहिल्या दोन वर्षांत १.२ कोटी दर वर्षी, शेवटच्या तीन वर्षांत २० लाख, १० लाख, १० लाख. वहीतला आकडा सपाट ७५ लाख ३८ हजार. पॅरीझे तर मूळचा तिथलाच. गावात दिवाळीच!

दोनच महिन्यांत लीगने पुन्हा टाळेबंदी केली. मालकांच्या मागण्यांत एक मागणी होती, हे लांबलचक करार बंद करा. आणि वाटाघाटीत मालकांच्या बाजूने बसलेल्यांत मिनेसोटाचे मालक क्रेग लायपोल्डही होते. असो. जानेवारी २०१३ मध्ये समझोता झाला. स्वतःच्या खेळाडूला जास्तीत जास्त ८ वर्षं, बाहेरच्याला ७. वर्षागणिक पगार किती चढ-उतरावा यालाही बंधन. आणि एक जालीम कलम, पूर्वलक्षी प्रभावाने. जुना लांब करार अर्धवट टाकून खेळाडू निवृत्त झाला, तर सरासरीमुळे संघाने जेवढी कॅप ‘वाचवली’ होती, तेवढी त्याच्याकडून परत वसूल करायची.

आता जरा विचार करा. करार झाला तेव्हा तो नियमात बसत होता. लीगनेच त्यावर शिक्का मारला होता. आणि मग नियम बदलून मागची वसुली? २०१९ मध्ये रोबेर्तो लुओंगो निवृत्त झाला, तेव्हा त्याला पाच वर्षांपूर्वीच सोडून दिलेल्या व्हँकूव्हरच्या खात्यावर तीन वर्षं दर वर्षी ३० लाखांहून जास्त लागले. अन्याय आहे का? मला वाटतं, थोडा आहे. पण ज्याने फट वापरली त्याने फट बुजवल्यावर फार रडू नये, हेही खरं.

मिनेसोटाचे जनरल मॅनेजर बिल गेरिन यांच्यापुढे २०२१ मध्ये हाच पेच आला. दोघेही खेळाडू ३६ वर्षांचे, कराराची चार वर्षं बाकी. १३ जुलैला त्यांनी दोघांचे करार एकदम विकत घेऊन संपवले. प्रत्यक्ष द्यायची रक्कम फार नव्हती. चार वर्षांचा उरलेला पगार प्रत्येकी १ कोटी, त्याचे दोन तृतीयांश, आठ वर्षांत विभागून. पण वहीत त्याच चार वर्षांचे प्रत्येकी ३ कोटींहून जास्त उभे होते. मधला फरक कुठे जाणार? संघाच्या डोक्यावर. २०२२-२३ मध्ये १ कोटी २७ लाख, आणि पुढच्या दोन सीझनमध्ये दर वर्षी १ कोटी ४७ लाख. २०२३-२४ ची कॅप होती ८ कोटी ३५ लाख. म्हणजे दर सहा डॉलरमधला एकाहून जास्त डॉलर अशा दोन माणसांवर, जे त्या संघात खेळतच नव्हते.

आणि मोजलं कुणी? केविन फिआला नावाच्या स्विस खेळाडूने २०२१-२२ मध्ये मिनेसोटासाठी ३३ गोल आणि ५२ असिस्ट केले. कारकिर्दीतलं तोवरचं सर्वोत्तम वर्ष. बक्षीस म्हणून त्याला जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसला पाठवून दिलं गेलं, कारण त्याला द्यायला कॅपमध्ये जागा नव्हती. ४ जुलै २०१२ ला त्या दोन सह्या झाल्या, तेव्हा फिआला पंधरा वर्षांचा होता! अभियंते मंडळींना हे ओळखीचं वाटेल. कोडमध्ये कुणीतरी शॉर्टकट मारून प्रमोशन घेऊन जातो, आणि पाच वर्षांनी रात्री दोनला फोन नव्या पोराला येतो.

फटी तरीही संपल्या नाहीत. लीगमध्ये किमान खर्चाचीही अट आहे. त्यामुळे गरीब संघ न खेळणाऱ्यांचे करार मुद्दाम घेऊ लागले, कारण वहीत आकडा मोठा आणि खिशातून कमी. क्रिस प्रॉन्गर शेवटचा सामना २०११ मध्ये खेळला. २०१५ मध्ये त्याचा करार ॲरिझोनाकडे गेला आणि त्याच वर्षी तो हॉल ऑफ फेममध्ये बसला, कागदोपत्री ‘खेळाडू’ असतानाच. २०२१ मध्ये टँपा बेचा निकिता कुचेरोव्ह शस्त्रक्रियेमुळे अख्खा नियमित सीझन बाहेर होता. तो प्लेऑफला परतला आणि संघ कप जिंकला. प्लेऑफमध्ये तेव्हा कॅप लागूच नव्हती. ही फट २०२५-२६ च्या सीझनपासून बुजवली.

हे सगळं वाचून मी एका निष्कर्षाला आलोय. मर्यादा घातली म्हणून खर्च थांबत नाही, तो पुढच्या तारखेवर सरकतो. आणि पुढच्या तारखेला टेबलाशी सही करणारा माणूस नसतो, दुसराच कुणीतरी असतो. म्हणून कुठलाही करार बघताना एकूण आकडा किती, यापेक्षा शेवटच्या वर्षी तिथे कोण उभं असेल, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वीस वर्षांच्या ईएमआयवर सही करतानासुद्धा.

मिनेसोटाचा मोठा भार २०२५ च्या उन्हाळ्यात उतरला. उरलेले दर वर्षीचे सुमारे १६ लाख ६७ हजार २०२८-२९ पर्यंत चालतील. आणि भार उतरल्यावर त्यांनी काय केलं? सप्टेंबर २०२५ मध्ये किरिल काप्रिझोव्हला ८ वर्षांसाठी १३ कोटी ६० लाखांचा करार दिला, लीगच्या इतिहासातला तोवरचा सर्वात मोठा. या वेळी निदान शेपटी नाही. २०३४ मध्ये बघू, बिल कोणाच्या हातात पडतंय ते.