अर्जुन रणगाडा

अर्जुन रणगाडा : भारतात मूळ आराखड्यापासून विकसित झालेला मुख्य रणगाडा. चेन्नईजवळच्या आवडी येथील लढाऊ वाहन संशोधन व विकास आस्थापनेने त्याचा आराखडा केला व तेथल्याच अवजड वाहन कारखान्यात तो तयार होतो. तोफ, दारूगोळा आणि स्फोटक चिलखत (आदळणारा गोळा आपल्या स्फोटाने निष्प्रभ करणारे बाह्य आवरण) यांवरचे बरेच काम मात्र पुण्यात झाले. चालक, तोफची, गोळा भरणारा आणि कमांडर असे चार जण त्यात बसतात.

पूर्वपीठिका : आवडीच्या कारखान्यातून 1965 मध्ये ‘विजयंता’ हा पहिला रणगाडा बाहेर पडला. तो ब्रिटिश व्हिकर्स कंपनीच्या आराखड्यावर बेतलेला होता. त्याच वर्षीच्या आणि पुन्हा 1971 च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धात ‘पूना हॉर्स’सारख्या पलटणी सेंच्युरियन रणगाड्यांनिशी लढल्या. चविंडा येथे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि बसंतर येथे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल धारातीर्थी पडले. दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. या लढायांत अचूक नेम आणि भक्कम चिलखत यांची किंमत चिलखती दलाने प्रत्यक्ष पाहिली होती. पुढच्या रणगाड्याकडून ठेवलेल्या अपेक्षांवर त्या अनुभवाची छाप दिसते. लष्कराने 1972 मध्ये गरजांचा मसुदा मांडला आणि 1974 मध्ये सुमारे साडेपंधरा कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली.

मूळ कल्पना 40 टनांच्या आसपासच्या वाहनाची होती. पुढे शेजारी देशांच्या रणगाड्यांवरील तोफा मोठ्या झाल्या, तशा अपेक्षा बदलल्या. तोफ 105 मिमी.वरून 120 मिमी.वर गेली, चिलखत जाड झाले आणि मार्क-1 या पहिल्या रूपाचे वजन 58.5 टनांवर पोहोचले. स्वदेशी इंजिन वेळेत न साधल्यामुळे जर्मन एमटीयू कंपनीचे 1,400 अश्वशक्तीचे इंजिन आणि रेंक कंपनीची गिअरपेटी घ्यावी लागली. विलंबाचा दोष बदलत्या अपेक्षांचा की प्रयोगशाळांच्या संथपणाचा, यावर लष्कर व संरक्षण संशोधन व विकास संघटना यांची मते जुळत नाहीत.

तोफ व दारूगोळा : मुख्य तोफ 120 मिमी. व्यासाची असून पुण्यातील पाषाण येथील आयुध संशोधन व विकास आस्थापनेने ती घडवली. तिच्या नळीत आटे आहेत. जर्मनीच्या लेपर्ड-2 पासून बहुतेक देश गुळगुळीत नळीकडे वळले, तेव्हा भारत आणि ब्रिटन आट्यांच्या नळीवर टिकून राहिले. आट्यांमुळे गोळा स्वतःभोवती फिरतो आणि त्याची दिशा स्थिर राहते. विजयंतापासून भारतीय तोफचींच्या परिचयाचा असलेला चपटणारा स्फोटक गोळा अशाच नळीतून नीट जातो. हा गोळा चिलखतावर आदळला की त्यातली मऊ स्फोटके पसरतात आणि मग फुटतात. चिलखताला भोक पडले नाही, तरी आतल्या बाजूने पोलादाचे तुकडे उडतात. खंदक, बंकर आणि पक्की बांधकामे यांवरही तो चालतो.

चिलखत भेदणाऱ्या बाणासारख्या लांब गोळ्याची अडचण याच्या नेमकी उलट आहे. त्याला मागे पंख असतात आणि फिरकी त्याच्या मुळावर येते. म्हणून त्याच्या वेष्टनावर सरकते कडे बसवतात. कडे आट्यांत पकडून फिरते आणि गोळा जवळजवळ न फिरता बाहेर पडतो. काडतूस आणि गोळा वेगवेगळे असून ते हाताने भरावे लागतात. काडतुसाचे कवच बव्हंशी जळून जाते व धातूची बुडाची वाटी तेवढी उरते.

आट्यांच्या नळीच्या या निवडीचा परिणाम पुढची अनेक वर्षे जाणवत राहिला. गुळगुळीत नळीसाठी जगभर बनणारा 120 मिमी.चा दारूगोळा अर्जुनला चालत नाही. प्रत्येक नवा गोळा देशातच विकसित करावा लागतो. विकासाची गती त्यामुळे कमी झाली. पण रणगाड्याचा दारूगोळा मुळापासून घडवण्याची जी विद्या पुण्यात रुजली, तिचे श्रेय या तोफेला दिले पाहिजे. अर्जुनवरील बहुतेक लिखाण इंजिन आणि वजनाभोवती फिरते. या कामाची दखल त्यात फारच थोडी घेतली गेली आहे.

नळीतून सुटणारे क्षेपणास्त्र : इस्रायलचे ‘लाहाट’ क्षेपणास्त्र अर्जुनवर तपासले गेले, ते कायमचे बसले नाही. त्यानंतर पुण्याची आयुध आस्थापना, सुतारवाडीची उच्च ऊर्जा द्रव्य संशोधन प्रयोगशाळा आणि देहरादूनची उपकरण आस्थापना यांनी लेझरच्या मागावर जाणारे स्वदेशी क्षेपणास्त्र तयार केले. त्याच्या चाचण्या नगरजवळच्या के. के. रेंजवर, म्हणजे खारे कर्जुने परिसरातील गोळीबार क्षेत्रात, चिलखती दल केंद्र व प्रशिक्षण शाळेच्या साहाय्याने झाल्या. 22 सप्टेंबर 2020 रोजी 3 किमी. अंतरावरील लक्ष्यभेद झाला. 1 ऑक्टोबर 2020 रोजी त्याहून लांबचे लक्ष्य टिपले गेले. 4 ऑगस्ट 2022 च्या चाचणीनंतर दीड ते पाच किमी. हा पल्ला सिद्ध झाल्याचे जाहीर झाले. स्फोटक चिलखत लावलेला रणगाडाही भेदता यावा यासाठी त्याला एकामागे एक अशी दुहेरी स्फोटकशीर्षे आहेत. पहिले शीर्ष स्फोटक चिलखत उडवते, दुसरे मूळ चिलखतात शिरते.

संरक्षण : मूळ चिलखताचे नाव ‘कांचन’. हैदराबादच्या कांचनबाग येथील धातुविज्ञान प्रयोगशाळेत ते विकसित झाले म्हणून हे नाव. ते अनेक थरांचे असून थरांचा तपशील गोपनीय आहे. दारूगोळा वेगळ्या कप्प्यांत ठेवतात. कप्प्यात स्फोट झाला तर झडपा उडून दाब बाहेर जावा, अशी रचना आहे. याउलट, लष्करातील टी-72 रणगाड्यात सैनिकांच्या पायाखालीच दारूगोळा असतो. अर्जुनच्या बाजूने जे अनेक मुद्दे मांडले जातात, त्यांत हा सर्वांत निर्विवाद मानावा.

सेवा : मार्च 2000 मध्ये 124 रणगाड्यांची मागणी नोंदवली गेली. पहिले 16 रणगाडे 2004 मध्ये 43 आर्मर्ड रेजिमेंटला मिळाले. दरम्यान 2001 मध्ये रशियाकडून 310 टी-90 रणगाडे घेण्याचा करार झाला होता. 2007 च्या सुमाराच्या चाचण्यांत गिअरपेटीचे बिघाड झाले. कारणांविषयी मतभेद आहेत. मार्च 2010 मध्ये राजस्थानात अर्जुन व टी-90 यांच्या तुलनात्मक चाचण्या झाल्या. त्यांचा अहवाल प्रसिद्ध झालेला नाही. मात्र मे 2010 मध्ये आणखी 124 अर्जुनची मागणी मंजूर झाली. पुढे आयात सुट्या भागांच्या टंचाईमुळे बरेच रणगाडे उभे राहिले. तैनाती मुख्यतः राजस्थानच्या वाळवंटात आहे. रुंद पट्ट्यांमुळे त्याचा जमिनीवरील दाब हलक्या टी-72 पेक्षाही कमी, चौरस सेंमी.ला सुमारे 0.85 किग्रॅ. आहे. वाळू त्याला मानवते. पण एवढ्या वजनामुळे पंजाबातील कालव्यांवरचे पूल आणि लडाखची उंची यांचा प्रश्न वेगळा आहे. लडाखसाठी 25 टनांचा ‘झोरावर’ हा हलका रणगाडा विकसित करण्यात येत असून त्याचा नमुना जुलै 2024 मध्ये हजिरा येथे दाखवण्यात आला.

मार्क-1ए : मूळ रूपात 72 सुधारणा करून हे रूप सिद्ध झाले. कमांडरला चौफेर पाहणारी स्वतंत्र उष्णताग्राही दुर्बीण मिळाली. तोफची एका लक्ष्यावर गोळा टाकत असताना कमांडर पुढचे लक्ष्य शोधू शकतो. लक्ष्याचा आपोआप माग, स्फोटक चिलखत, सुरुंग बाजूला सारणारा नांगर, आतून चालवता येणारी विमानविरोधी मशीनगन आणि मुख्य इंजिन बंद असताना वीज देणारे लहान इंजिन यांचीही भर पडली. वजन 68 टनांवर गेले. 14 फेब्रुवारी 2021 रोजी पंतप्रधानांनी चेन्नईत या रूपातील रणगाडा लष्करप्रमुखांकडे सुपूर्द केला आणि 23 सप्टेंबर 2021 रोजी 118 रणगाड्यांची 7,523 कोटी रुपयांची मागणी आवडीच्या कारखान्याकडे नोंदवली गेली. आठवडाभरानेच, 1 ऑक्टोबरला, आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन कारखाना ‘आर्मर्ड व्हेइकल्स निगम’ या सरकारी कंपनीकडे गेला. जर्मन इंजिनांच्या पुरवठ्यावाचून काम अडले. 1,500 अश्वशक्तीच्या स्वदेशी इंजिनाची पहिली चाचणी 20 मार्च 2024 रोजी म्हैसूर येथे झाली.

संलग्न वाहने : पूल टाकणारे वाहन, 130 मिमी. तोफेचे ‘कॅटापल्ट’. 155 मिमी.ची स्वयंचलित तोफ ‘भीम’ नमुन्यापलीकडे गेली नाही.