टी पेशींची नोंदवही

आमच्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादम माणसे मोजीत नाही, कोयते मोजतो. नवराबायको मिळून एक कोयता. संघटनेच्या कामात आम्ही अशा पुष्कळ वह्या चाळल्या. एकदा एकच मजूर दोन वह्यांत दोन नावांनी सापडला. एकीत उचल फिटलेली, दुसरीत तीच त्याच्या डोक्यावर! नाव एक ठरेपर्यंत बिचाऱ्याचा अर्धा हंगाम गेला. शास्त्राचे शिक्षण आम्हांस नाही. परंतु टी पेशींचा इतिहास वाचताना ती वही पुन्हा पुन्हा आठवली.

१८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. शरीर रोग ओळखावयास शिकते, एवढे ठाऊक होते. ओळखणाऱ्यांत टी पेशीही आहेत, हे कोणासच ठाऊक नव्हते. १९६१ साली मिलर यांनी छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीचे महत्त्व दाखविले. तेथे तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशी त्या टी पेशी. रोगजंतूचा तुकडा चाचपणारा जो ग्राही त्यांच्या अंगावर असतो, त्याची जनुके १९८४ साली अमेरिकेत डेव्हिस आणि कॅनडात माक यांच्या प्रयोगशाळांच्या हाती लागली. बहुतेक टी पेशींचा हा ग्राहीही कोयताच निघाला: आल्फा आणि बीटा या साखळ्यांची जोडी.

आता प्रश्न असा, की जनुके मोजकी आणि रोग अगणित, मग निभावते कसे? प्रतिपिंडांच्या बाबतीत तोनेगावा यांनी १९७६ साली उत्तर दिले होते: जनुकाचे तुकडे वेगळे असतात, पेशी घडताना ते जुळतात. येथेही तसेच. बीटा साखळीत व्ही, डी, जे हे तुकडे जोडले जातात. आल्फात डी नसतो. सांध्यावर काही अक्षरे गळतात, काही नवी घुसतात. सांगाडा सर्वांचा सारखा; फरक मुख्यतः टोकाच्या वळशांत. पहिले दोन वळसे व्ही तुकड्यातच लिहिलेले, तिसरा सांध्यावर घडणारा. परक्या तुकड्याशी बहुधा तोच भिडतो.

नावांचा मात्र गोंधळ माजला. जो तो आपापल्या क्रमाने आकडे देई. फ्रान्सच्या माँपेलिए येथे मारी-पॉल लफ्रां यांनी १९८९ साली एक सामायिक नोंदवही उघडली. ज्या व्ही जनुकांची निदान ७५ टक्के अक्षरे जुळतात, ती एका उपगटात. पूर्वीचा व्ही-बीटा १७ तो आता टीआरबीव्ही १९. व्ही-बीटा २ तो टीआरबीव्ही २०-१. ही नावे १९९९ साली मान्य झाली. जुने निबंध वाचावयाचे तर आजही दोन्ही याद्या शेजारी ठेवाव्या लागतात.

व्ही चे नाव कळले म्हणजे पहिले दोन वळसे कळले. तिसरा प्रत्येक पेशीत निराळा वाचावा लागतो. शिवाय पुष्कळ पेशी एकत्र घोटल्या, की कोणत्या आल्फाची कोणती बीटा हे हरवते. म्हणून आता एकेक पेशी वेगळी ठेवून, जोडी न मोडता वाचतात.